ज्योतीच्या रंगावरून धातू ओळखताना: आधी सोडियमचा बंदोबस्त

फ्लेम टेस्ट म्हणजेच ज्योत परीक्षा: क्षार ज्योतीत धरून तिच्या रंगावरून त्यातला धातू ओळखणे. ती करताना पहिल्यांदा जो पिवळा रंग डोळ्यांत भरतो, तो बहुतेक वेळा नमुन्याचा नसतोच. बोटांचा घाम, हवेतली धूळ, साधे पाणी, काचेची भांडी, सगळीकडे सोडियम असते आणि ज्योतीत त्याच्याइतका उजळ रंग दुसऱ्या कुठल्याही सामान्य धातूचा नाही. बुन्सेन आणि किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1860 च्या सुमारास वर्णपटदर्शकातून (प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या यंत्रातून) पाहिले, तेव्हा मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहून कमी सोडियमही त्यांना दिसत होते. इतक्या बोलक्या मूलद्रव्यापुढे पोटॅशियमची फिकट जांभळी झाक कुठे टिकणार?

त्यामुळे या परीक्षेतले खरे कौशल्य रंगांचा तक्ता पाठ करण्यात नाही. कोऱ्या तारेची ज्योत कशी दिसते हे आधी माहीत असणे, रंग कोणत्या क्षणी आला आणि किती वेळ टिकला हे पाहणे, आणि शेजारी ओळखीचा क्षार जाळून तुलना करणे, या तीन गोष्टींवर निकाल अवलंबून असतो. तक्त्यातला ‘लाल’ हा शब्द तीन वेगवेगळ्या धातूंना चालतो. डोळ्यासमोरची तुलना सहसा फसवत नाही.

रंग कुठून येतो

उष्णतेने अणूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि खाली परतताना ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण पुरेसे आहे. सोडियमचा पिवळा म्हणजे 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरच्या दोन जवळजवळच्या रेषा, लिथियमचा लाल म्हणजे 670.8 ची रेषा.

कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि तांबे यांच्याबाबत मात्र बरीच पुस्तके अर्धेच सांगतात. यांचा ज्योतीतला मुख्य रंग सुट्या अणूंचा नसतो. ज्योतीत क्षणभर तयार होणाऱ्या छोट्या रेणूंचा असतो: कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियमसाठी मुख्यतः त्यांचे एकहायड्रॉक्साइड (एका धातूला एक ओएच गट), बेरियमसाठी त्यासोबत एकक्लोराइड, तांब्यासाठी क्लोराइड असेल तर निळा आणि नसेल तर हिरवा. हे आणि क्लोराइड ज्योतीत सहज उडतात हे लक्षात ठेवले की दोन गोष्टी आपोआप उलगडतात. एक म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवल्यावर हे रंग का उजळतात. दुसरी म्हणजे तांब्याचा सल्फेट हिरवा आणि क्लोराइड निळसर का दिसतो.

साहित्य

तार: निक्रोम (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू), सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची, 6 ते 7 सेंटिमीटर लांब. टोकाला 2 ते 3 मिलिमीटरचे कडे वळवा आणि दुसरे टोक काचेच्या कांडीत वितळवून बसवा किंवा बुचात खोचा. नव्या तारेवर कारखान्यातले तेल असते, ते आधी जाळून टाकावे लागते. प्लॅटिनमची तार लवकर स्वच्छ होते आणि स्वतःचा रंग देत नाही, पण महाग असते. शिवाय शिसे, अँटिमनी किंवा आर्सेनिकचे क्षार तिच्यावर कधीही तापवू नका. ते क्षपण होऊन, म्हणजे क्षारातून सुटा धातू होऊन, प्लॅटिनमशी मिश्रधातू करतात, तो सहज वितळतो आणि तार तुटते. तांब्याची तार अर्थातच नको, ती स्वतःच ज्योत हिरवी करते.

तार नसेल तर लाकडी काड्या चालतात. त्या ऊर्ध्वपातित पाण्यात रात्रभर भिजवून ठेवा, सकाळी क्षाराच्या द्रावणात काही तास घाला, आणि ओल्या असतानाच ज्योतीत धरा. पाणी उडून गेले की लाकूड पेटते आणि त्याचा पिवळा उजेड सगळे झाकतो, म्हणून प्रत्येक काडीला पाच-सात सेकंदच मिळतात. लाकडात मुळातच सोडियम-पोटॅशियम असते. त्यामुळे काड्यांवर पोटॅशियमचा निर्णय देऊ नये. लिथियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, तांबे यांच्यासाठी त्या ठीक.

आम्ल: 37 टक्क्यांचे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे 12 मोलर (लिटरमागे 12 मोल) असते. तेवढ्याच पाण्यात ते हळूहळू ओतून 6 मोलर करा. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नव्हे. हे काम फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात. पिवळट झाक असलेले व्यापारी प्रतीचे आम्ल घेऊ नका, त्यात लोह आणि इतर अशुद्धी असतात. विश्लेषण-प्रतीचे घ्या.

हे आम्ल दोन वेगळ्या छोट्या परीक्षानळ्यांत ठेवा. एकीत फक्त तार धुवायची, दुसरीत धुतलेली तार नमुना उचलण्याआधी बुडवायची. एकच नळी दोन्हींसाठी वापरली, तर तिसऱ्या-चौथ्या नमुन्यापासून प्रत्येक धातू थोडा सोडियम आणि थोडा मागचा धातू दाखवू लागतो. गोंधळलेल्या निकालांमागे सर्वांत जास्त वेळा हेच कारण सापडते. धुण्याचे आम्ल चार-पाच नमुन्यांनंतर बदला.

तुलनेसाठी ओळखीच्या क्षारांची 0.5 मोलर द्रावणे करून ठेवावीत. प्रत्येकी 10 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यासाठी:

लिथियम क्लोराइड 0.21 ग्रॅम (हवेतली ओल पटकन ओढते, बाटली उघडी ठेवू नका)
पोटॅशियम क्लोराइड 0.37 ग्रॅम
कॅल्शियम क्लोराइड, दोन पाण्याचे रेणू असलेले, 0.74 ग्रॅम
स्ट्रॉन्शियम क्लोराइड, सहा पाण्याचे रेणू असलेले, 1.33 ग्रॅम
बेरियम क्लोराइड, दोन पाण्याचे रेणू असलेले, 1.22 ग्रॅम
तांब्याचा क्लोराइड, दोन पाण्याचे रेणू असलेला, 0.85 ग्रॅम

सोडियम क्लोराइड मात्र दहापट पातळ पुरे: 100 मिलिलिटरमध्ये 0.29 ग्रॅम. ही बाटली इतरांपासून दूर ठेवा आणि सगळ्यांत शेवटी उघडा. बेरियमची विद्राव्य संयुगे विषारी आहेत, त्यामुळे हातमोजे हवेतच. चष्मा तर प्रत्येक टप्प्यावर हवा, कारण ओला क्षार गरम तारेवरून तडतडून उडतो.

ज्योत

बुन्सेन बर्नरचे हवेचे छिद्र पूर्ण उघडा. ज्योत 8 ते 10 सेंटिमीटर उंच, जवळजवळ रंगहीन, आत स्पष्ट निळा शंकू, आणि हलका फुरफुरता आवाज अशी हवी. पिवळी झाक दिसली तर हवा कमी आहे किंवा बर्नरच्या नळीत कधीतरी क्षार सांडलेला आहे. दुसऱ्या कारणाची खात्री करायची तर बर्नर बंद करून थंड होऊ द्या, नळी उघडून पाण्याने धुवा, कोरडी करून पुन्हा लावा. बोटाने नळीवर टिचकी मारली आणि ज्योतीत पिवळे कण उडाले, तर दोष बर्नरचाच.

सर्वांत उष्ण जागा निळ्या शंकूच्या टोकाच्या जरा वर असते. पण शंकूच्या आत तार धरू नका. तिथे गॅस अजून पुरता जळलेला नसतो, आणि शंकूचा स्वतःचा निळा-हिरवा उजेड बेरियम किंवा तांब्याचा भास करून देतो.

स्पिरिटचा दिवा चालतो का? लिथियम, सोडियम आणि काही प्रमाणात पोटॅशियमसाठी, हो. त्याची ज्योत थंड असते आणि वातीमुळे थोडी पिवळी. बेरियम आणि कॅल्शियम त्यात नीट उठत नाहीत. ब्युटेनची छोटी टॉर्च तापमानाला पुरेशी असते, फक्त तिचा झोत पूड उडवून लावतो, म्हणून तिच्यासोबत पूड न वापरता द्रावण वापरा. मेणबत्ती किंवा काजळी देणारी कुठलीही ज्योत निरुपयोगी.

खोली मंद करा आणि ज्योतीच्या मागे एक हातावर काळा कागद उभा करा. गडद अंधार नको, हातात आम्ल आणि गरम तार आहे. खिडकीतून येणारे ऊन मात्र अडवाच, कारण उन्हात पोटॅशियम जवळजवळ दिसत नाही.

कृती

तार धुण्याच्या आम्लात बुडवा, ज्योतीत लाल होईपर्यंत धरा, पुन्हा बुडवा, पुन्हा धरा. नवी तार असेल तर हे सहा-सात वेळा करावे लागते. प्रत्येक वेळी पिवळी झाक कमी होत जाते. निक्रोमच्या तारेवर ती पूर्ण जात नाही, एखादा क्षण चमकून विझते इतपत येते. ती किती वेळ राहते हे मनात मोजा. हीच तुमची कोरी नोंद. नमुन्याचा पिवळा यापेक्षा स्पष्टपणे जास्त उजळ आणि जास्त वेळ टिकणारा असेल, तरच नमुन्यात मोजण्याजोगे सोडियम आहे असे लिहायचे.

इथे नवख्यांची नजर चुकते ती तारेवर. तापलेली तार स्वतःच नारिंगी-लाल प्रकाशते आणि तो रंग कुठल्याही धातूची खूण नाही. पाहायचे ते तारेच्या वर आणि बाजूने चढणाऱ्या ज्योतीकडे.

आता स्वच्छ तार दुसऱ्या नळीतल्या आम्लात बुडवून ओली करा आणि तिने नमुन्याच्या बारीक पुडीला स्पर्श करा. टाचणीच्या डोक्याएवढा ऐवज पुरे. जास्त घेतला तर थेंब वितळून बर्नरच्या नळीत पडतो आणि पुढचा तासभर प्रत्येक ज्योत त्याच धातूची दिसते. याच कारणाने तार ज्योतीच्या मधोमध न धरता बाजूने, कडेला धरायची. बर्नर थोडा तिरका ठेवता आला तर आणखी बरे.

आधी ज्योतीच्या खालच्या बाहेरच्या कडेला, जिथे ती तुलनेने थंड आहे, तिथे तार आणा. सोडियम-पोटॅशियमसारखे सहज उडणारे क्षार इथेच पहिल्या एक-दोन सेकंदांत रंग देतात. मग तार हळूहळू वर, शंकूच्या टोकाजवळच्या उष्ण भागात न्या. कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम तिथे उठतात. बेरियम सर्वांत आळशी: कित्येकदा आठ-दहा सेकंद काहीच दिसत नाही, मग हिरवा हळूहळू येतो आणि बराच वेळ टिकतो. पाच सेकंदांत तार बाहेर काढणाऱ्याला बेरियम सापडत नाही.

रंग विझला म्हणजे धातू संपला असे नाही. क्लोराइडमधला काही भाग उडून जातो, उरलेल्याचा ऑक्साइड होतो, आणि या धातूंचे ऑक्साइड ज्योतीच्या तापमानाला फारसे उडत नाहीत. तार जरा थंड होऊ द्या, आम्लात बुडवा, पुन्हा ज्योतीत आणा. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम अशा वेळी पुन्हा झळकतात, आणि हे पुन्हा झळकणे हीच एक उपयोगी खूण आहे. प्रत्येक नमुना निदान तीनदा असा पाहावा.

काय दिसते

सोडियम: गडद पिवळा, लगेच येणारा आणि चिवट. त्याच्याविषयी आणखी सांगण्यासारखे काही नाही, तो स्वतःच सगळे सांगतो.

पोटॅशियम: फिकट जांभळा, क्षणिक. याच्या दोन मुख्य रेषाजोड्या 766 ते 770 आणि 404 नॅनोमीटरच्या आसपास आहेत, म्हणजे एक डोळ्याच्या लाल टोकाला आणि दुसरी जांभळ्या टोकाला. दोन्हीकडे डोळा अधू असतो. त्यामुळे भरपूर पोटॅशियम असूनही रंग क्षीण वाटतो, आणि शेजारी सोडियमचा अंश असला तरी पुरता हरवतो. पहिल्याच क्षणी, ज्योतीच्या कडेला शोधा.

लिथियम: किरमिजी लाल, मोकळा आणि स्वच्छ. लवकर येतो, लवकर जातो.

स्ट्रॉन्शियम: हाही किरमिजीच, पण लिथियमपेक्षा थोडा नारिंगीकडे झुकलेला, उशिरा येणारा आणि टिकणारा. आम्लाने पुन्हा उठतो.

कॅल्शियम: विटकरी. रंग एकसंध नसतो, तडतडत, ठिणग्यांसारखा तुटक येतो. ज्योतीच्या कडेला जरा हिरवट छटाही दिसते. सोडियममिश्रित कॅल्शियम नुसते नारिंगी दिसते आणि लोक ते सोडियम म्हणून सोडून देतात.

बेरियम: पोपटी, म्हणजे पिवळ्याकडे झुकलेला हिरवा.

तांबे: क्लोराइड असेल तर मध्ये निळा आणि कडेला हिरवा, मोरपंखी म्हणावा असा. नायट्रेट किंवा सल्फेट नुसते आम्लाशिवाय धरले तर बराचसा हिरवा. तांब्याची आणि क्लोरिनची ही मैत्री इतकी भरवशाची आहे की 1872 मध्ये बाइलश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने तीच उलटी वापरली: तापलेल्या तांब्याच्या तारेवर सेंद्रिय पदार्थ ठेवून हिरवी ज्योत आली, तर त्यात हॅलोजन (क्लोरिनच्या गटातले मूलद्रव्य) आहे.

रुबिडियम आणि सिझियम पोटॅशियमसारखेच जांभळट दिसतात, नुसत्या डोळ्याने त्यांना वेगळे काढण्याचा प्रयत्न करू नये. वर्णपटदर्शकात मात्र सिझियमच्या 455.5 आणि 459.3 नॅनोमीटरच्या निळ्या रेषा लखलखीत दिसतात. सिझियम (1860) आणि रुबिडियम (1861) ही दोन्ही मूलद्रव्ये बुन्सेन आणि किरखॉफ यांना अशाच अनोळखी रेषांवरून सापडली.

काही धातू रंगच देत नाहीत. मॅग्नेशियमची मुख्य रेषा 285.2 नॅनोमीटरला, अतिनील भागात आहे, म्हणून मॅग्नेशियमच्या क्षाराची ज्योत कोरीच दिसते. ॲल्युमिनियमसाठीही ही परीक्षा निरुपयोगी. लोखंडाचा कीस ज्योतीत सोनेरी ठिणग्या उडवतो, पण तो जळत्या कणांचा उजेड आहे, अणूची खूण नव्हे. ‘रंग नाही’ याचा अर्थ ‘धातू नाही’ असा कधीच घ्यायचा नाही.

कोबाल्ट काच

निळी कोबाल्ट काच सोडियमचा पिवळा गिळते आणि निळा-जांभळा तसेच अगदी गडद लाल पुढे जाऊ देते. म्हणून सोडियमच्या गर्दीत पोटॅशियम शोधायचे तर ती हवीच. काचेतून पाहिल्यावर सोडियमची ज्योत जवळजवळ नाहीशी होते आणि पोटॅशियम किरमिजी-जांभळे दिसते. पिवळा अजून झिरपत असेल तर दोन काचा एकावर एक ठेवा.

हिच्यातून इतर धातूही वेगळे दिसतात: कॅल्शियम फिकट हिरवट, स्ट्रॉन्शियम जांभळा, बेरियम निळसर हिरवा. नुसत्या डोळ्याने कॅल्शियम की स्ट्रॉन्शियम असा घोळ झाला तर हा फरक निर्णायक ठरतो. मात्र लिथियमचा लालही काही प्रमाणात काचेतून येतो, त्यामुळे काचेत लालसर दिसले की पोटॅशियम असे गणित मांडू नका. शुद्ध पोटॅशियम क्लोराइड लगेच शेजारी जाळून ताडून पाहा. साधी निळी रंगवलेली काच किंवा निळा प्लॅस्टिक कागद हे काम करत नाही, त्यांतून पिवळा बराच येतो.

वर्णपटदर्शक असेल तर

मग अर्धे वाद मिटतात. बाजारी वर्णपटदर्शक नसेल तर डीव्हीडीचा तुकडा कामचलाऊ जाळी (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेषांची पट्टी) म्हणून वापरता येतो. डीव्हीडीवरच्या बारीक वाटांमधले (खाचांमधले) अंतर 0.74 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरला सुमारे 1350 रेषा. सीडीत ते 1.6 मायक्रोमीटर असते, त्यामुळे वर्णपट आखूड पसरतो. डीव्हीडीचे दोन थर सोलून पारदर्शक थर घ्या. 15 ते 20 सेंटिमीटर लांबीच्या, आतून काळ्या केलेल्या नळीच्या एका टोकाला दोन ब्लेडांमध्ये साधारण 0.2 मिलिमीटरची फट ठेवा, दुसऱ्या टोकाला तो तुकडा. फट आणि डीव्हीडीच्या वाटा एकमेकांना समांतर हव्यात. त्या तिरक्या असल्या की रेषा पसरट होतात, आणि घरगुती यंत्र नीट न चालण्याचे कारण बहुतेक वेळा तेच असते.

मोजपट्टी जुळवायला सोडियमची 589 आणि सीएफएल दिव्यातल्या पाऱ्याच्या 546.1 व 435.8 या रेषा पुरतात. मग पाहा: लिथियममध्ये लाल भागात 670.8 ही ठळक रेषा आणि 610 ला एक क्षीण. स्ट्रॉन्शियममध्ये 606 च्या आसपास नारिंगी पट्टा, पुढे लाल पट्टे, आणि निळ्यात 460.7 ची एकटी रेषा. ही निळी रेषा दिसली की लिथियमचा प्रश्न उरत नाही. कॅल्शियममध्ये 622 चा नारिंगी-लाल आणि 554 चा हिरवा पट्टा. बेरियममध्ये हिरव्या भागात पट्ट्यांची रांग, 487, 513 आणि 524 च्या आसपास.

एक सापळा. बर्नरच्या निळ्या शंकूतले कार्बनचे रेणू स्वतःच 516 आणि 473 नॅनोमीटरला पट्टे देतात, आणि 431 ला आणखी एक. बेरियमचा 513 आणि हा 516 साध्या यंत्रात सहज गोंधळतात. म्हणून फट शंकूवर न रोखता त्याच्या वरच्या भागावर रोखा, आणि कोऱ्या ज्योतीचा वर्णपट आधी कागदावर काढून ठेवा.

मोबाइलने फोटो काढत असाल तर स्वयंचलित रंगसमतोल बंद करा आणि कॅमेऱ्यात शिरणारा उजेड (एक्स्पोजर) कमी धरा. नाहीतर सोडियम पांढरा आणि स्ट्रॉन्शियम नारिंगी दिसतो. ज्यांना लाल-हिरव्याचे रंगांधत्व आहे, त्यांच्यासाठी नुसत्या रंगापेक्षा वर्णपटातली रेषेची जागा हाच भरवशाचा मार्ग.

संशय राहिला तर ओली परीक्षा

ज्योत दिशा दाखवते, निकाल द्रावणात पक्का होतो. तीन लाल धातूंसाठी नमुन्याच्या विरल द्रावणात अमोनिया आणि अमोनियम कार्बोनेट घाला. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियमचे पांढरे अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा घन) येतात, लिथियम विरल द्रावणात राहतो. अवक्षेप ॲसिटिक आम्लात विरघळवून पोटॅशियम क्रोमेट घातले, तर फक्त बेरियमचा पिवळा अवक्षेप येतो. बेरियम नसेल तर त्याच द्रावणाच्या दुसऱ्या भागात अमोनियम सल्फेट घाला: स्ट्रॉन्शियम अवक्षेप देतो, मध्यम प्रमाणातले कॅल्शियम द्रावणात राहते आणि ते नंतर अमोनियम ऑक्झलेटने पकडता येते. तांब्यासाठी अमोनिया पुरे, गडद निळे द्रावण होते.

हिरव्याच्या यादीत एक घुसखोर आहे: बोरॉन. तो धातू नाही, पण बोरिक आम्ल किंवा बोरॅक्स तीव्र सल्फ्युरिक आम्लाने ओले करून धरले तर स्वच्छ हिरवी ज्योत देते. बोरॉनचा हिरवा लगेच येतो आणि लगेच जातो, बेरियमचा उशिरा येतो आणि रेंगाळतो.

न बोलणारे नमुने

बेरियम सल्फेट आणि स्ट्रॉन्शियम सल्फेट थेट ज्योतीत धरले तर जवळजवळ गप्प राहतात. अशी पूड तारेवर घेऊन आधी ज्योतीच्या क्षपणकारी भागात, म्हणजे आतल्या शंकूच्या कडेला, मिनिटभर तापवा. सल्फेटचे काही अंशी सल्फाइड होते. मग आम्लात बुडवून उष्ण भागात आणा, रंग येतो. या वेळी कुजक्या अंड्यासारखा वास येईल, तो हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, म्हणून हे काम फ्यूम हूडखालीच.

मिश्रणात एकाहून अधिक धातू असतील तर डोळा सर्वांत उजळ रंगावरच थांबतो. अशा वेळी वेळेचा क्रम कामी येतो: पहिल्या क्षणी कोबाल्ट काचेतून पोटॅशियम, मग काच काढून सोडियम विझेपर्यंत थांबा, मग आम्लात पुन्हा बुडवून कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम, शेवटी बेरियम. तांबे आणि बेरियम एकत्र असतील तर ज्योतीवरून वेगळे सांगू नका, अमोनियाकडे वळा.

जे करू नये

बशीत मिथेनॉल ओतून त्यात क्षार पेटवण्याचा देखणा प्रयोग अजूनही दाखवला जातो. तो टाळाच. मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही, विझली असे समजून कोणीतरी बाटलीतून आणखी ओततो, आणि पेटती वाफ बाटलीत शिरून आगीचा लोळ समोर बसलेल्यांवर येतो. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने 2014 मध्ये अशा अपघातांवरून स्वतंत्र इशारा दिला होता. तार किंवा भिजवलेली काडी तेच रंग धोक्याविना दाखवते.

क्लोरेट किंवा परक्लोरेट क्षार तारेवर घेऊ नका, आणि काडीवर तर मुळीच नाही. आर्सेनिक, पारा, थॅलियम, कॅडमियम यांचे नमुने उघड्या ज्योतीत धरायचे नाहीत. थॅलियमची 535 नॅनोमीटरची हिरवी रेषा कितीही सुंदर असली तरी तिची वाफ श्वासात जाणे परवडणारे नाही.

उरलेले बेरियमचे द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. त्यात सोडियम सल्फेटचे द्रावण जादा घालून बेरियम सल्फेट खाली बसू द्या, गाळा आणि घन कचऱ्यात वेगळे ठेवा. तांब्याची द्रावणे स्वतंत्र बाटलीत साठवा. तार शेवटी एकदा आम्लात धुऊन लाल करा, थंड झाल्यावर कोरड्या परीक्षानळीत बूच लावून ठेवा आणि कड्याला बोट लावू नका.